लोंबता बेगोनिया टांगत्या कुंडीत : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत. त्या नावाला जागणाऱ्या गच्च्या आणि बाल्कन्या आजही गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत दिसतात. माझ्या पूर्वेकडच्या बाल्कनीत पावसाळाभर बेगोनियाच्या टोपल्या लाल-केशरी होऊन लोंबत असतात. खालून जाणारी माणसं थांबून विचारतात, फोनवरही विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

लोंबता बेगोनिया म्हणजे नक्की कोणतं झाड?

एक झाड नव्हे, निदान तीन. नाशिकमध्ये जे नुकसान होतं ते बहुतेक हा फरक न कळल्यामुळे होतं.

पहिला कंदाचा. याच्या मातीखाली चपटा, तपकिरी, वाटीसारखा खोलगट कंद असतो. याचा एक मुख्य पूर्वज बोलिव्हियाचा, बेगोनिया बोलिव्हिएन्सिस. अँडीज पर्वताच्या ओल्या उतारांवर कड्याकपारीतून तो खाली लोंबतो. १८६०च्या दशकात तो इंग्लंडच्या रोपवाटिकांत पोचला आणि १८७०च्या सुमारास त्याचे संकर बाजारात येऊ लागले. लांब, निमुळती, घंटेसारखी खाली झुकलेली फुलं दिसली तर याच्या रक्ताचं झाड समजा. ‘बॉनफायर’ हा त्यातला ओळखीचा वाण. गुलाबासारखी भरगच्च, पण लोंबणारी फुलं असलेलेही याच घराण्यात येतात.

दुसरा बिनकंदाचा, तंतुमुळांचा. ‘ड्रॅगन विंग’ नावाने मिळतो तो हा. चकचकीत, पंखाच्या आकाराची पानं आणि झुबक्यांनी येणारी लाल किंवा गुलाबी फुलं. हा आधी उभा वाढतो आणि मग स्वतःच्या वजनाने झुकतो.

तिसरा थंडीत भेट म्हणून छोट्या कुंडीत विकला जाणारा, दाट फुलांचा. त्याला रीगर किंवा इलाटियर म्हणतात. दिसतो फार सुरेख, पण तो एका हंगामाचा पाहुणा आहे. दीड-दोन महिने त्याचा आनंद घ्या आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा फुलला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

नर्सरीत उभं राहून हे ओळखायचं कसं?

खोडाच्या बुडाशी माती बोटाने हलकेच बाजूला करा. सगळी खोडं एकाच फुगीर गड्ड्यातून निघत असतील तर कंदाचा. अनेक खोडं मातीतून वेगवेगळी वर आली असतील आणि खाली नुसतं मुळांचं जाळं असेल तर बिनकंदाचा. विक्रेत्याला विचारायचंच असेल तर “कोणती जात आहे?” असं विचारू नका, “दिवाळीनंतर हा सुकतो का?” असं विचारा. याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं.

आपल्या नाशिकच्या हवेत हा जगतो का? उन्हाळा तर चाळीस अंशांपर्यंत जातो.

जगतो, आणि चांगला फुलतो. मात्र त्याचं वर्ष आपल्या मनासारखं नसतं.

बेगोनियाला दिवसा १८ ते २५ अंश आवडतं. तीस-बत्तीसच्या वर तो दम खातो. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा असते, पारा अठ्ठावीसच्या आसपास थांबतो, हवेत ओल असते. परदेशी पुस्तकांतला ‘उन्हाळी हंगाम’ म्हणजे आपला हा पावसाळा. पुस्तकात ‘मार्च-एप्रिलमध्ये लावा’ असं वाचून इथे कंद लावला की अंकुर नेमके मे महिन्याच्या झळांत सापडतात. मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि पाचपैकी चार कंद गमावले.

दुसरं कारण दिवसाच्या लांबीचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. कंदाचा बेगोनिया दिवस मोजतो. दिवस मोठा असला की फुलतो. दिवस बारा तासांच्या खाली घसरू लागला की फुलं आवरतो आणि सगळी ताकद कंदात भरू लागतो. नाशिकला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो आणि डिसेंबरअखेर तो अकरा तासांच्या जवळ येतो. म्हणजे कंदाच्या झाडाचा इथला बहर जुलै ते ऑक्टोबर, गणपती-नवरात्र हा त्याचा ऐन भर. बिनकंदाचा दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही. तो पावसाळ्यात फुलतो आणि ऊब मिळाली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीही फुलत राहतो.

बाल्कनी वर्षभर भरलेली हवी असेल तर दोन्ही ठेवा.

नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडली, खोडं गळून पडली. मेला ना?

नाही. झोपला. फेकू नका.

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. चांगले जिवंत कंद दर वर्षी कचऱ्यात जातात आणि लोक म्हणतात, “बेगोनिया आपल्याकडे टिकत नाही.” मीही एक कुंडी अशीच रिकामी केली होती. माती उलटल्यावर कंद हाताला लागला, घट्ट, कच्च्या बटाट्यासारखा. तेव्हा कळलं की झाडाने आपलं सामान बांधून आत ठेवलंय.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या वाटेने गेलात तर पाणी झिरपणाऱ्या कातळावर, शेवाळात, फिकट गुलाबी फुलांचं, वितीएवढं नाजूक झाड दिसतं. तो सह्याद्रीचा रानबेगोनिया, बेगोनिया क्रेनाटा. पाऊस सरला की तो दिसेनासा होतो, कारण कातळाच्या फटीत त्याचा इवलासा कंद कोरड्या दिवसांसाठी झोपी जातो. बोलिव्हियाच्या कड्यावरचा भाऊबंद तेच करतो. दोघांनाही ओला हंगाम आणि कोरडा हंगाम असा वर्षाचा ताल अंगात मुरलेला आहे.

पानं पिवळी दिसू लागली की पाणी हळूहळू कमी करा. खोडं ओढून काढू नका. ती आपणहून सांध्यातून सुटतात. ओढलं तर कंदाला जखम होते आणि तिथून कूज शिरते. सगळी गळाली की पाणी बंद.

हे वर्णन फक्त कंदाच्या झाडाला लागू आहे. ‘ड्रॅगन विंग’ अचानक मलूल झाला असेल तर ती झोप नाही, पुढे पाण्याचा प्रश्न वाचा.

मग तो झोपलेला कंद ठेवायचा कुठे?

माती पूर्ण वाळली की कंद काढा, चिकटलेली माती हाताने झाडा, धुऊ नका. आठवडाभर सावलीत सुकवा. कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा कागदी पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या जागी ठेवा. पलंगाखाली, माळ्याखालच्या फळीवर, जिथे दुपारी भिंत तापत नाही तिथे. प्लास्टिकच्या बंद डब्यात कधीही नको, आत घाम धरतो. मी गंधकाची भुकटी चिमूटभर चोळते. महिन्याला एकदा हात लावून बघा. मऊ लागलेला कंद लगेच वेगळा करा, नाहीतर शेजारच्याला लागण होते.

टोपली कुठे टांगू? ऊन किती लागतं?

सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि नंतर लख्ख उजेड, पण सावली. पूर्वेची बाल्कनी उत्तम. उत्तरेची चालते, फुलं थोडी कमी. पश्चिमेची असेल तर हिरवी शेडनेट लावल्याशिवाय नको. दुपारी तीनचं ऑक्टोबरचं ऊन पानांच्या कडा कागदासारख्या वाळवतं.

वाऱ्याकडे लक्ष द्या. खोड पाण्याने भरलेलं, ठिसूळ असतं. पाथर्डी फाट्याकडच्या उंच इमारतींत सातव्या-आठव्या मजल्यावर राहणाऱ्यांना मी छताला टांगण्याऐवजी ग्रीलच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत कुंडी ठेवायला सांगते. लोंबायला स्टूलही पुरतं.

हूक पक्का हवा. माझी १२ इंची टोपली पाणी प्यायल्यावर सात किलोंच्या आसपास भरते. प्लास्टरमध्ये ठोकलेल्या खिळ्यावर तिचा भरवसा धरू नका, स्लॅबमध्ये ड्रिल करून फास्टनरचा हूक बसवून घ्या.

टोपली कोणती आणि माती कोणती?

नारळाच्या काथ्याची टोपली सुंदर दिसते, हवा खेळवते, पण नाशिकच्या कोरड्या वाऱ्यात भराभर सुकते. तळाला प्लास्टिकचा एक तुकडा भोकं पाडून अंथरला तर ओल थोडी टिकते. प्लास्टिकची टोपली सोयीची, मात्र खालची अडकवलेली ताटली पावसाळ्यात काढून टाका. तिच्यात साठलेलं पाणी मुळं कुजवतं. मातीची कुंडी बेगोनियाला सगळ्यात मानवते, पण टांगायला जड. ती कठड्यावर ठेवा.

आपली काळी माती द्राक्षाला, कांद्याला सोनं आहे. बेगोनियाच्या टोपलीत ती घालू नका. याची मुळं केसासारखी बारीक आणि वरवरची असतात, त्यांना ओलीइतकीच हवा लागते. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट (मातीत हवा खेळवणारे पांढरे, हलके खडे) घेते. पर्लाइट महाग वाटलं तर भाताचं जळकं तूस घ्या. इगतपुरी-त्र्यंबककडे भातगिरण्या आहेत, ओळख असेल तर पोतंभर मिळतं. वर मूठभर निंबोळी पेंड.

कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या. त्यात मीठ असतं.

कंद लावताना कोणती बाजू वर?

खोलगट बाजू वर, गोल बाजू खाली. कंद जेमतेम झाकला जाईल एवढीच माती टाका. त्या खळग्यात पाणी साचू देऊ नका, कडेकडेने द्या. १० ते १२ इंची टोपलीत तीन कंद पुरतात. कडेला थोडे बाहेरच्या बाजूला कललेले ठेवले तर फांद्या लवकर खाली येतात.

पाणी रोज द्यायचं का?

या एका सवयीने नाशिकमधले निम्मे बेगोनिया जातात असं मला माझ्या ओळखीतल्या घरांवरून वाटतं. सकाळी देवपूजा झाली की झारी घ्यायची आणि सगळ्या झाडांना सारखं पाणी घालायचं. तुळशीला, मोगऱ्याला ते चालतं. बेगोनियाच्या खोडात आधीच पाणी आहे. त्याला तहान लागली की तो थोडा झुकतो आणि पाणी मिळताच तासाभरात सावरतो. पण मुळं कुजली तरीही तो झुकतोच! माणूस बघतो, “मान टाकली, तहानलाय,” म्हणून आणखी पाणी घालतो, आणि झाड बुडतं.

म्हणून पाणी घालण्याआधी टोपली खालून तळहाताने उचलून बघा. हलकी लागली तर द्या. जड असेल आणि तरी पानं मलूल असतील तर पाणी अजिबात नको, कूज सुरू झालीय का ते बघा. आठ दिवसांत हाताला वजन कळू लागतं. टोपली उंच असेल तर बोटाचं एक पेर मातीत घालून ओल बघा.

देताना मात्र पोटभर द्या, खालच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत. घोट-घोट दिलं की वरची माती ओली आणि आतली कोरडी राहते. कोकोपीट एकदा कडक सुकलं की पाणी कडेने निसटून जातं. तेव्हा टोपली बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवा. पाणी सकाळी द्या आणि मातीवर द्या. पानांवर, फुलांवर झारीचा फवारा नको.

सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो, पानांच्या कडा करपतात. नळाचं पाणी वापरा. पावसाळ्यात एक पिंप पन्हाळीखाली ठेवलं तर त्याहून चांगलं.

पावसात उघड्यावर टांगू का?

रिमझिम चालते. संततधार नाही. सलग तीन-चार दिवस झड लागली की फुलं पाण्याने जड होऊन सडतात आणि सडलेली पाकळी ज्या पानावर चिकटते तिथे राखाडी बुरशी धरते. छज्जाखाली घ्या आणि ओल्या पाकळ्या रोज वेचा.

खत कोणतं?

भूक मोठी आहे, पण एका वेळी कमी. रोप वाढीला लागलं की दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्केवारीचे), एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम. कळ्या दिसू लागल्या की १३:४०:१३ त्याच प्रमाणात. ही विद्राव्य खतं द्राक्षबागायतदारांमुळे नाशिकच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. दुकानदार बागेचं प्रमाण सांगेल, ते टोपलीला लावू नका. कोरड्या मातीत खत कधीच नको, आधी साधं पाणी. युरियाने फांद्या फोपावतात, मऊ पडतात आणि तुटतात. पानं पिवळी पडायला लागल्यावर खत बंद.

शेंडे खुडायचे का?

फांदी वितीएवढी झाली की एकदा. पुढे नाही. ‘ड्रॅगन विंग’ला तेवढंही लागत नाही, पण थंडी संपताना निम्म्यावर छाटला तर पुन्हा गच्च भरतो.

कळ्या उमलण्याआधीच गळतात.

आधी आठवा : टोपलीची जागा बदलली का? नर्सरीतून नुकती आणली का? असं असेल तर दहा दिवस थांबा, ती स्थिरावेल. नसेल तर पाण्यात चढउतार झालाय, एकदा कडकडीत कोरडी आणि एकदा चिंब. तिसरं कारण गरम रात्री. ऑक्टोबर हीटमध्ये खोलीतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर टांगलेल्या टोपलीला मी महिनाभर कळी धरताना पाहिली नाही. जागा बदलली आणि दिवाळीआधी दोन झुबके आले.

एकाच झाडावर दोन वेगळी फुलं कशी? काही भरगच्च, काही साधी.

बेगोनियात नर आणि मादी फुलं वेगळी असतात, पण एकाच झाडावर. मादी फुलाच्या मागे तीन पंखांचं हिरवट बोंड दिसतं, तो तिचा बीजकोश. कंदाच्या झाडात भरगच्च फूल बहुधा नर असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या मादी. मोठं फूल हवं असलेले हौशी लोक मादी कळ्या खुडतात. लोंबत्या टोपलीत झुबकाच सुंदर दिसतो, मी खुडत नाही. बी मात्र धुळीसारखं असतं. घरी बियांपासून करायला फार चिकाटी लागते.

पानांवर पांढरी पूड पडलीय.

भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. द्राक्षवाल्या घरातल्या कुणालाही दाखवा, लांबूनच ओळखतील. दिवस कोरडे आणि रात्री गार झाल्या की, म्हणजे ऑक्टोबरपासून, ती येते. डाग पडलेली पानं लगेच काढा, टोपल्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. पसरत असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी, गार हवेत. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. बेगोनियाचं पान नाजूक असतं आणि उन्हात गंधक भाजतं.

कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ती भुरी नव्हे, पिठ्या ढेकूण नावाची कीड. ते काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून टिपा.

बुडाशी खोड काळं, मऊ पडलं.

खोडकूज. मऊ भाग वाचत नाही. वरची निरोगी फांदी कापून घ्या आणि कंद उकरून बघा. घट्ट असेल तर सडका भाग स्वच्छ चाकूने कापा, गंधक लावा, सुकवा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या बेगोनियाला वापरू नका.

तुटलेली फांदी लावता येते?

येते, आणि आनंद होतो. तीन-चार इंचांचा, कळी नसलेला शेंडा घ्या, खालची पानं काढा, पेर मातीत जाईल असा ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये खोचा. सावलीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. ‘ड्रॅगन विंग’ कधीही लावा. कंदाच्या जातीचं छाटकलम जुलैतच करा. उशीर झाला तर कंद भरण्याआधीच दिवस लहान होतात आणि झोपायला त्याच्याकडे काही नसतं.

डोंगरावरचा रानबेगोनिया उपटून आणू का?

कृपा करून नको. कातळ, झिरपतं पाणी, शेवाळ आणि धुकं हे त्याचं घर आहे. बाल्कनीत तो आठ दिवस टिकत नाही. तिथेच वाकून बघा, फोटो काढा.

घरात मांजर आहे.

मग उंचच टांगा. बेगोनियात ऑक्झलेटं, म्हणजे तोंडाला झोंबणारे क्षार, असतात, कंदात सर्वांत जास्त. मांजर-कुत्र्याने खाल्लं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. काढून ठेवलेले कंदही त्यांच्या आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बटाटा समजून कुणी उचलू नये म्हणून मी पिशवीवर ठळक नाव लिहिते.

देवाला वाहता येतं का?

आमच्याकडे वाहतो. गणपतीत लाल फुलं हवीच असतात. तोडून ठेवलेलं फूल फार टिकत नाही, ऐन पूजेच्या वेळी काढा.

‘ड्रॅगन विंग’चं एप्रिल-मेमध्ये काय करू?

फुलांची अपेक्षा सोडा. निम्म्यावर छाटा, टोपली खाली उतरवून घराच्या आतल्या बाजूला उजेडात ठेवा, खत बंद. शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा. जगवणं एवढंच त्या दोन महिन्यांचं काम.

आणि कंद पुन्हा उठवायचा कधी?

मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पहिला शिडकावा झाल्यावर. तेव्हा पिशवी उघडली की खळग्यात टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी डोळे दिसतात. काही वेळा तो एप्रिलमध्येच डोळे फोडतो. तसं झालं तर वाट बघू नका, छोट्या कुंडीत दमट कोकोपीटवर बसवून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि पाऊस लागल्यावर टोपलीत हलवा. डोळे नसले तरी कंद घट्ट असेल तर लावा. माझा एक कंद २० जूनपर्यंत गप्प होता. त्या वर्षी नवरात्रात सगळ्यात लांब फांदी त्याचीच होती.